यथोचित सत्कार आणि पिंगळीची पॅसेंजर

माझ्या हातून आयुष्यात बरीच मूर्खपणाची पत्रं गेली, पण पाच गावांना एकसारखं लिहिलेलं ते एक पत्र सगळ्यांच्या वरचढ. त्याची फळं माझ्यासकट वीस जणांच्या पोटांनी भोगली. ते पत्र मला आजही तोंडपाठ आहे, कारण पुढं कित्येक वर्षं लोकांनी ते मला भर बाजारात म्हणून दाखवलं. ‘आमच्या वीस सायकलस्वारांचे पथक आपल्या पावन ग्रामी येत असून, आपण त्यांचा यथोचित सत्कार करावा व अन्नोदकाने त्यांस तृप्त करावे, ही नम्र विनंती.’ खाली ठसठशीत सही, आणि सहीखाली दोन रेघा. कॉलेजात मी मराठी घेतलं होतं, आणि ‘अन्नोदक’ हा शब्द मला त्याच आठवड्यात सापडला होता. नवीन शब्द हाताला लागला की तो कुठंतरी खपवल्याशिवाय मला चैन पडत नसे. ‘आम्हाला फक्त पिण्याचं पाणी द्यावं’ असं साधं लिहिलं असतं तर हे प्रकरण लिहायची वेळच आली नसती. पण साधं लिहील ती कुसुम कसली!

आम्ही तेव्हा परभणीला मुलींच्या वसतिगृहात राहत होतो. आम्ही म्हणजे खेड्यापाड्यांतून आलेल्या अकरा जणी. माझं गाव चारठाण्याच्या पलीकडं, त्यामुळं रोज जाऊन-येऊन शिकण्याचा प्रश्नच नव्हता. वसतिगृह म्हणजे एक लांबलचक खोली, पुढं ओसरी, मागं स्वैपाकाचं खोपट, आणि या सगळ्यावर गंजलेले पत्रे. दुपारी ऊन चढलं की ते पत्रे टण्ण टण्ण वाजायचे, आणि नवी आलेली मुलगी दचकून ‘कोण हाय?’ म्हणून दार उघडायची. भोकं इतकी होती की घड्याळाची गरज पडायची नाही. उन्हाचा कवडसा माझ्या शेजारच्या शांताच्या ट्रंकेवर आला की अकरा वाजले, आणि पाण्याच्या माठावर गेला की दोन. पहाटे हातपंपाची कुरकुर, मग खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटण्याचा आवाज, मग शांताचा आवाज. शांता चटणी कुटताना खायची, वाढताना खायची आणि मग जेवायला बसायची. वरण इतकं पातळ असे की त्यात डाळीचा दाणा सापडला तर आम्ही एकमेकींना दाखवायचो. तरीही त्या खोलीत मला जे सुख होतं ते पुढं सिमेंटच्या घरातही क्वचितच मिळालं. तिथं मला कोणी ‘ऊठ, पाणी आण’ म्हणत नव्हतं. पाणी आणायचे मीच, पण पुस्तक संपवून.

त्या पत्र्यांनीच आमचा घात करायचं ठरवलं. संस्थेच्या मंडळींनी येऊन वर बघितलं, मान हलवली आणि सांगून टाकलं की पावसाळ्याच्या आत छप्पर बदललं नाही तर वसतिगृह बंद. संस्थेकडं काही नव्हतं. ही बातमी माझ्या आधी आमच्या गावी पोचली. दादा, म्हणजे माझे वडील, ज्वारीचा कट्टा पाठीवर घेऊन आले तेव्हा ओसरीवर टेकून शांतपणे म्हणाले, “बंद पडलं की ट्रंक उचलायची अन् सरळ घरी यायचं. बीएबिए लय झालं. मी पाव्हणे बघून ठेवलेत.” दादा रागावले असते तर मी भांडले असते. पण ते कट्टा उतरवावा तितक्या सहज बोलले, आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. त्या रात्री मी शांताला म्हणाले, “आपण पत्रे आणायचे.” शांता म्हणाली, “डोक्यावर?”

सायकलीची कल्पना माझी नव्हे, अप्पांची. पुढं अनेक वर्षं ती मी माझीच म्हणून सांगत आले, आता वय झालं, खरं बोलून टाकते. वीरभद्रअप्पांचं भाड्याच्या सायकलींचं दुकान आमच्या कॉलेजच्या वाटेवर होतं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, आणि हात कोपरापर्यंत ग्रीसनं काळे. डबीला हात लावायचा झाला की आधी रॉकेलनं हात धुवायचे, मग मातीनं, मग पाण्यानं. तेवढ्या वेळात गिऱ्हाईक कंटाळून निघून जाई, तरी ते घाई करत नसत. समोरच लोखंड आणि पत्र्यांचे व्यापारी शेठजी बसत. मी शेठजींकडं देणगी मागायला गेले आणि त्यांनी मला पाणी पाजून परत पाठवलं, तेव्हा अप्पांनी हाक मारली. “माय, इकडं ये. नुसता हात पुढं करशील तर कोण देईल? त्यांना रोज धा जण मागायलेत. तू काहीतरी करून दाखव, मग माग.”

मग अप्पाच रस्ता ओलांडून गेले आणि शेठजींशी बोलून आले. ठरलं ते असं. सायकलस्वारांनी सकाळी निघून गावोगाव थांबत पिंगळीला जायचं, लोकांना वसतिगृहाचं सांगायचं, खिळे आणि मजुरीसाठी डबा फिरवायचा, आणि दुसऱ्या, कच्च्या वाटेनं दिवेलागणीच्या आत परत यायचं. जितके जण सीटवर बसून दुकानासमोर येतील तितके पत्रे शेठजी देणार. माणशी एक. आम्हाला वीस लागत होते, म्हणून वीस जण. आम्ही सहा मुली आणि कॉलेजातली चौदा मुलं. सायकली अप्पांच्या, बिनभाड्यानं.

अप्पांनी मला महिनाभर शिकवलं. ट्यूब कशी काढायची, पंक्चर पाण्यात बुडबुड्यावरून कसं शोधायचं, पुढं कोण आणि सगळ्यात मागं कोण. “मागं चांगला चालवणारा ठेव,” ते म्हणाले, “पुढं तर कोणीबी मिरवतंय.” पुढं अर्थात मी राहणार होते. आणि एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली. “पाच गावं हायत. जेवायचं एकाच गावाला सांग. बाकीच्यांना पाणी म्हण, नुसतं पाणी. आपल्याकडं गाव जेवू घालायला उठलं की आवरत न्हाई.” मी “हो अप्पा” म्हणाले आणि मनात म्हणाले, सायकलीच्या दुकानदाराला पत्रलेखनातलं काय कळणार! आणि खोलीवर येऊन पाचही गावांना अन्नोदक लिहून टाकलं.

आमची नात आता परभणीत सायक्लोथॉनला जाते. पहाटे टोपडं घालून निघते, त्याला हेल्मेट म्हणतात. तिथं एक टी-शर्ट मिळतो आणि एक केळं. एक केळं! मी तिला म्हणाले, “तुमच्या आयोजकांना माझा नमस्कार सांग. फार शहाणी माणसं दिसतात.”

थंडी सरत आली होती. ज्वारी दाण्यात आली होती. आम्ही निघालो तेव्हा अप्पांनी विसाच्या वीस सायकलींची हवा अंगठ्यानं दाबून बघितली. पहिल्या गावात वेशीवर हलगी वाजत होती. मला वाटलं, कोणाची तरी वरात आहे. वरात आमचीच होती. माझं पत्र सरपंचांनी पारावर मोठ्यानं वाचून घेतलं होतं, आणि कॉलेजच्या पोरीनं एवढं लिहिलंय म्हणजे गावाच्या इज्जतीचा सवाल झाला होता. सुशीला, म्हणजे आमच्याकडचे फोडणीचे भिजवलेले मुरमुरे, परातीच्या परातीनं आले. वर चहा. “घ्या, घ्या, तरणीताठी लेकरं तुमी!” आम्ही सकाळी उपाशीच निघालेलो, भरपूर खाल्लं. शांता सायकलीवर बसताना म्हणाली, “कुसुमे, तुझं पत्र लय चांगलं बसलंय बग.” मी मान ताठ केली. माझ्या फुगलेपणाचा तो दिवसातला शेवटचा क्षण.

दुसऱ्या गावानं रानात आगटी पेटवून हुरडा भाजला होता. तो गरमागरम हातावर चोळून देणाऱ्या बायका ताट रिकामं होऊच देईनात. तिसऱ्या गावाला दुसऱ्या गावानं काय केलं ते कसं कोण जाणे आधीच कळलं होतं, म्हणून त्यांनी धपाटे, दही, ठेचा आणि वर शिरा केला. “त्या गावात काय, नुसती कणसं! इथं बसा नीट.” मी म्हणाले, “मावशी, खरंच पोट भरलंय.” मावशी म्हणाली, “मंग पत्रात तृप्त करा कशाला लिवलं? अजून तृप्त झालेली दिसना गेलीस.” आमच्या पथकातला एक मुलगा, जो निघताना शीळ घालत होता, तो आता उतारावरसुद्धा उतरून चालायला लागला. पिंगळीत पोचलो तेव्हा दुपार कलली होती आणि शाळेच्या पटांगणात पंगत मांडलेली होती. बुंदी, वरणभात, वांग्याची भाजी, भाकरी, पापड. नाही म्हणायची सोय नव्हती. पानावरून उठलेल्या माणसाकडं आमच्या भागात लोक असं बघतात की जन्मभर ते डोळे विसरत नाहीत. मी तिथं जे जेवले ते कसं जेवले हे मला आजही सांगता येणार नाही. डोळ्यांत पाणी होतं, आणि वाढणारे गृहस्थ कौतुकानं म्हणत होते, “बगा, लेकरू किती भरून आलंय!”

पिंगळीचं स्टेशन लहानसं. लिंबाच्या झाडाखाली आमच्या वीस सायकली आडव्या आणि आम्ही त्यांच्याशेजारी आडवे. शांता फलाटावर उताणी पडून म्हणाली, “मला इथंच ठेवा. दर साली येऊन हार घाला.” ऊन उतरायला लागलं होतं. परतीची वाट काळ्या मातीची, गाडरस्त्याची, आणि वारा समोरून. मी एकेकाला उठवायचा प्रयत्न केला. दोघं सायकलीवर बसले आणि वीस हातांवर जाऊन उतरले. तेवढ्यात नांदेडकडून परभणीला जाणाऱ्या पॅसेंजरची घंटा झाली.

ते कोणी सुचवलं असा वाद आम्ही पुढं खूप वर्षं घातला. सुचवलं मीच. मी फलाटावरच छोटंसं भाषण केलं की आगगाडी म्हणजे तरी काय, चाकांवरच चालते, आणि शेवटी शेठजींच्या दुकानासमोर आपण सीटवर बसूनच जाणार आहोत. इतका पटकन पटलेला मुद्दा मी आयुष्यात पुन्हा मांडला नाही. सगळे एकदम उठले. गार्डनं आमच्याकडं आणि सायकलींकडं बघितलं. “कुठं जायलाव?”

“परभणीला.”

“मंग सायकली हायत की!”

“सायकली थकल्यात,” शांता म्हणाली.

गार्डच्या डब्यात सायकली एकावर एक रचून आम्ही परभणीला उतरलो. स्टेशनच्या नळावर तोंडं धुतली. तिथंच, जवळच्या एका गिरणीच्या मागं दिवेलागण जवळ येईपर्यंत बसलो, आणि मग रुबाबात घंट्या वाजवत बाजारात शिरलो. वीसच्या वीस. पाचव्या गावाची आठवण मला तोवर एकदाही झाली नव्हती. परतीच्या कच्च्या वाटेवरचं, परभणीपासून दोन कोसांवरचं गाव. माझ्या डोक्यात फक्त वीस पत्रे होते.

दुकानासमोर ही गर्दी. शेठजींनी हार आणले होते. नोकरानं पत्रे एकेक करून भिंतीला लावायला सुरुवात केली, आणि प्रत्येक पत्र्याच्या आवाजाबरोबर माझी ट्रंक घरापासून एकेक पाऊल लांब जात होती. अप्पा त्यांच्या सायकलींमधून फिरत होते. माझ्या सायकलीजवळ थांबले, वाकले, टायरवरून बोट फिरवलं, बोट डोळ्यांसमोर धरलं. काळ्या मातीचा कण नव्हता. ते फक्त म्हणाले, “हवा लय चांगली राहिली की, माय.” मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. शेठजी म्हणाले, “बोला दोन शब्द.” आणि मी बोलले. देवा, काय बोलले मी! समोरून येणाऱ्या वाऱ्याबद्दल बोलले. चिखलात रुतणाऱ्या चाकांबद्दल बोलले, पाऊस पडून तीन महिने झाले होते तरी. “पण त्या कच्च्या वाटेवरचा एकेक खड्डा आम्हाला म्हणत होता, थांबू नका!” असं म्हणून मी हात वर केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि टाळ्या थांबल्यावर घुंगरांचा आवाज ऐकू आला.

दोन बैलगाड्या बाजारात शिरत होत्या. बैलांच्या तोंडाला फेस आला होता. पहिल्या गाडीत फडक्यांनी झाकलेली मोठमोठी पातेली आणि त्यांच्यामध्ये कडब्यावर एक म्हातारी, पदर खोचून बसलेली. तिचं नाव गयाबाई, पाचव्या गावच्या पाटलांची आई. ती गाडीतूनच म्हणाली, “कुसुम कोण हाय?”

सगळा बाजार माझ्याकडं बघायला लागला.

“पत्र तुमीच लिवलं न्हवं? यथोचित?” तिनं कमरेच्या पिशवीतून माझं पत्र काढलं. “पुरण वाटू वाटू माझ्या दोन्ही सुनांचे हात गेले. गावातली लेकरं सकाळधरनं फाट्यावर उभी हायत. आली का, आली का करून नरडं सुकलं त्यांचं. शेवटी पिंगळीहून एक गडी आला आन् म्हणला, ती तर गाडीत बसून गेली! सायकलीसुदीक गाडीतच! आमच्या गावचं पाणी तुमाला चालत न्हाई का काय? तसं असंल तर इथंच सांगा, चार माणसांत.”

मी अजून हात वरच धरून उभी होते. तो खाली घ्यायचं मला सुचलं नाही. शेठजींनी नोकराला नुसती खूण केली. तो भिंतीचे पत्रे परत आत न्यायला लागला. “पोरी,” शेठजी म्हणाले, “पत्रा मी सायकलीच्या चाकाला कबूल केला होता. रुळाला न्हाई.” मला रडू फुटलं. आता वाटतं, ते पश्चात्तापाचं रडू होतं असं लिहावं. पण खरं सांगायचं तर अर्धं रडू ट्रंकेचं होतं, उरलेल्यातलं बरंचसं बुंदीचं, आणि गयाबाईच्या वाट्याला आलं ते थोडंसंच. ते थोडंसं मात्र अजून गेलेलं नाही. फाट्यावर उभी असलेली ती पोरं मी बघितली नव्हती, तरी मला ती आजही दिसतात.

गयाबाईला रडणं बघवेना. “रडू नको गं. आधी जेवा,” ती म्हणाली, आणि शांताच्या तोंडून जो आवाज आला तो मी इथं लिहिणार नाही. पण आणलेलं अन्न माघारी न्यायचं नाही असा तिचा हट्ट. दुकानाच्या ओट्यावरच पळसाच्या पत्रावळी मांडल्या गेल्या. बघायला आलेली गर्दी बसली, नोकर पत्रे टाकून बसला. शेवटी शेठजीही बसले, कारण गयाबाई त्यांच्यासमोर तुपाची वाटी घेऊन उभी राहिली. दुसऱ्या पोळीवर अप्पांनी अगदी हळू विषय काढला. “शेठजी, आजचं बोलणं आज मोडलं. उद्याला करता का तेच?” शेठजींची बोटं तुपात होती. अशा वेळी माणसाला कठोर होता येत नाही, हे अप्पांना बरोबर माहीत होतं. “तीच वाट,” शेठजी म्हणाले. “पिंगळी करून, या बाईच्या गावावरनं. वाटेत खोटं न्हाई.”

“अन् माझ्या दारात जेवल्याबिगर न्हाई,” गयाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वीसपैकी सहा जण अंथरुणातून उठलेच नाहीत. आम्ही चौदा निघालो. वाटेतल्या प्रत्येक गावात मी सायकल थांबवायच्या आधीच ओरडत होते, “नुसतं पाणी! नुसतं पाणी!” आणि बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. बातमी आमच्या पुढं धावत होती. काळ्या मातीच्या वाटेवर समोरून वारा आला, अगदी मी भाषणात सांगितला होता तसा, आणि मला त्याची फार लाज वाटली. गयाबाईच्या गावच्या फाट्यावर पोरं उभी होती. आम्हाला बघून त्यांनी जो गलका केला! तिच्या ओसरीवर मी पहिल्यांदा गप्प बसून जेवले. तिनं मला फक्त एक पोळी वाढली. मी वर बघितलं तर म्हणाली, “सायकल चालवायचीय न्हवं?”

चौदा सायकली, चौदा पत्रे. शेठजींनी पंधरावा दिला नाही आणि मी मागितला नाही. मोठी खोली झाकली गेली आणि ओसरीचा तुकडा. स्वैपाकाचं खोपट तसंच राहिलं, म्हणून त्या पावसाळ्यात आम्ही पाळीपाळीनं एकीनं भाकरी थापायची आणि दुसरीनं तव्यावर छत्री धरायची, असं केलं. शांता छत्री धरायला नेहमी तयार असे, कारण छत्रीखाली पहिली भाकरी तिला मिळे. संस्थेच्या मंडळींनी येऊन वर बघितलं, मान हलवली आणि आल्या वाटेनं निघून गेली. वसतिगृह चालू राहिलं.

दादा आले ते त्यानंतर आठेक दिवसांनी, बाजाराच्या दिवशी. ओसरीवर पाय सोडून बसले. मी पाणी दिलं ते प्याले, आणि बराच वेळ मान वर करून नवे पत्रे बघत राहिले. मी दाराआड ट्रंकेवर बसून होते. पत्रे चौदाच आले होते, आणि पाव्हण्यांचं पुढं काय झालं हे विचारायची माझी छाती नव्हती. शेवटी दादांनी तांब्या खाली ठेवला, पटका नीट केला आणि उठता उठता म्हणाले,

“जेवणाचं गाव सोडून आगगाडीत बसलेली पोरगी, असं तुझं नाव जिंतूरपतुर गेलंय. त्या पाव्हण्यांचा कालच निरोप आला, पोरगी नको म्हणून. आता या साली कोणी दारात यायचं न्हाई. तवर तू हितंच शीक.”